काकांच्या वडिलांची पलटण

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला आमच्या घरांच्या रांगेत दारोदार टपालपेट्या नाहीत. रांगेच्या टोकाला एकच लोखंडी कपाट आहे, त्यात प्रत्येकाचा कप्पा. शेजाऱ्यांच्या ज्या काही ओळखी होतात त्या तिथेच. त्या दिवशी मुलीची शाळेची बस यायला वीसएक मिनिटं होती, म्हणून मी कपाटाशेजारच्या बाकावर एक जर्मन रहस्यकथा वाचत बसले होते. पलीकडच्या घरातले उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ टपाल घ्यायला आले. किल्ली कुलपात घातली आणि ती फिरवायची सोडून माझ्या पुस्तकाकडेच बघत राहिले.

"तुला हे वाचता येतं?" त्यांनी विचारलं. आमचं बोलणं सगळं इंग्रजीतच व्हायचं, पण मला ते मराठीतच आठवतं, आणि आठवणीत मी त्यांना काकाच म्हणते.

"येतं की. पुण्यात सहा वर्षं शिकले. नंतर एका कारखान्यात जर्मन मशिनांची माहितीपुस्तकं भाषांतरित करायचे."

"हाताने लिहिलेलं येतं?"

"अक्षर बरं असेल तर."

त्यांनी मान डोलावली, टपाल काखेत धरलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते बुटांचा एक जुना खोका घेऊन आले. मी बाकावर असणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

नवऱ्याच्या नोकरीबरोबर मी या देशात आले तेव्हा बरीच वर्षं मला काम करायची परवानगी नव्हती. परवानगी आली तेव्हा माझी जर्मन कुणाला नको होती. दोन मुलांच्या शिकवण्या आणि रहस्यकथा, एवढ्यावर ती भाषा मी जिवंत ठेवली होती. त्यामुळे खोक्याचं झाकण काढताना मला जो आनंद झाला तो काकांपेक्षा कमी नसावा.

आत फारसं काही नव्हतं. गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो. दोन पत्रं. आणि पत्र्याची एक अंडाकृती चकती, मधोमध चिरा पाडलेली. सैनिक मेला की चकती त्या चिरांवर तोडायची, अर्धी त्याच्याबरोबर पुरायची आणि अर्धी कचेरीत पाठवायची. ही अख्खी होती. तिच्यावरची अक्षरं मात्र घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"माझे वडील," काका म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात होते. उत्तर आफ्रिकेत पकडले गेले, आणि जहाजात घालून त्यांना इथे आणलं. इथून दोन तासांवर छावणी होती, तिथून कैद्यांना शेतावर कामाला न्यायचे. पुढे सुटून घरी गेले, आणि काही वर्षांनी बायको आणि लेकीला घेऊन परत इथेच आले. मी इथे जन्मलो."

"सैन्यात काय करायचे?"

"तेच तर. विचारलं की म्हणायचे, 'पकडलं, भुईमूग उपटले, घरी गेलो, परत आलो.' झालं. एवढ्यात सगळं युद्ध संपायचं."

लहानपणी शाळेतली पोरं काकांना बघून नाझींसारखा हात ताठ वर करून सलाम ठोकायची. काका ते हसत सांगत होते, पण खोक्याचं झाकण त्यांच्या हातात उगाच उघडमीट होत होतं. वडील जाऊन तीस वर्षं झाली होती. काकांची बायको म्हणायची, नको उकरूस, काही भलतंच निघालं तर काय करशील? बायकोही दोन वर्षांपूर्वी गेली. आणि आता सत्तरी आली होती.

"जे निघेल ते तसंच्या तसं सांग," ते म्हणाले. "गोड करून सांगू नकोस."

मी कबूल केलं.

पत्रं वाचायलाच मला तीन आठवडे लागले. आपल्याकडे जशी मोडी, तशी जर्मनांची एक जुनी लपेटीची लिपी होती. शाळांतून ती कधीच गेली. आजच्या जर्मन माणसासमोर आजीचं पत्र ठेवलं तर तोही हात टेकतो. मी इंटरनेटवरून सरावाचे तक्ते उतरवून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिलीतल्या मुलीसारखी अक्षरं गिरवू लागले. पत्रं काकांच्या आजीनं छावणीतल्या मुलाला लिहिलेली होती. शेजारच्याची गाय व्यायली, धाकट्याला गोवर आला, तुझे जाड मोजे जपून ठेवले आहेत. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'आता तरी तुला इतक्या पहाटे उठावं लागत नसेल.' सैनिकाला पहाटे उठावं लागतच असणार, असं म्हणून मी पुढे गेले.

मग जर्मनीतल्या सरकारी दफ्तराला अर्ज केला. तिथे त्या युद्धातल्या सैनिकांची कार्डं सांभाळून ठेवलेली आहेत. नाव, जन्मगाव, जन्मतारीख, नात्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला, सगळं जोडलं. काकांना पहिल्या युद्धात लढलेल्या आजोबांचंही काही हवं होतं. पण त्यांच्या भागातल्या सैन्याचे जवळजवळ सगळे कागद दुसऱ्या युद्धातल्या बॉम्बवर्षावात जळाले होते. एका युद्धानं दुसऱ्याचे कागद खाल्ले, असं मी म्हणाले. काका म्हणाले, "म्हणजे आजोबा सुटले माझ्या तावडीतून."

उत्तर यायला दहा महिने लागले. या दहा महिन्यांत काका रोज टपालाच्या वेळी कपाटापाशी यायचे, आणि आमच्या चांगल्या गप्पा व्हायच्या. ते राज्याच्या रस्तेखात्यात पुलांचे इंजिनिअर होते. चाळीस वर्षं पूल बांधले आणि तपासले. आमची घरं उभी आहेत तिथे पूर्वी पाइनचं जंगल होतं हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी त्यांना पोहे खायला घातले. मिरच्या बाजूला काढून ठेवत त्यांनी दोनदा मागून घेतले.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. पाइनचे पिवळे परागकण बाकावर साचले होते. ते हातानं झटकून आम्ही तिथेच बसलो. आत एका कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत होती. काही मजकूर टंकलेला, काही हातानं भरलेला. आणि हातानं लिहिलेलं तेच सगळ्यात महत्त्वाचं: कोणत्या पलटणीत होते.

मी बराच वेळ बघत राहिले. शब्द तोडून लिहिला होता, कचेरीत लिहितात तसा. सुरुवातीला ब, शेवटी क, मधल्या स्वरावर दोन टिंबं, पुढे 'कंपनी'चं, म्हणजे तुकडीचं, लघुरूप. जर्मनमध्ये पुलाला म्हणतात ब्र्युके.

"काका," मी म्हणाले, "तुमचे वडील पूल बांधणाऱ्या तुकडीत होते."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"पूल?"

"पूल."

"माझा बाप पूल बांधायचा."

कार्डाच्या मागे इस्पितळाची एक नोंद होती: उजव्या हाताला भाजलं, अकरा दिवस दाखल. काकांना तो डाग आठवत होता. कोपराच्या खाली, तांबूस. पूल उडवला गेला असणार, असं आम्ही तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्या शनिवारी त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला गाडीत घालून स्वतः बांधलेला पूल दाखवायला नेलं. तासभर लांबचा, ओढ्यावरचा एक साधा काँक्रीटचा पूल. आम्ही खाली उतरलो. काकांनी तुळईवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "मला नेहमी वाटायचं हे माझ्यात आलं कुठून? वडील तर इथे फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांना पाय लावायचे. हे रक्तातच होतं."

माझा नवरा नागपूरचा, सहसा थट्टा केल्याशिवाय राहणारा नाही. त्यानंही पुढे होऊन तुळईवर तळहात टेकवला.

त्यानंतर काकांना आवरणं कठीण झालं. सकाळी कॉफी प्यायला जमणाऱ्या मित्रांना त्यांनी सांगितलं. चर्चमध्ये सांगितलं. टपाल टाकणाऱ्या बाईलाही सांगितलं. जूनमध्ये त्यांच्या सगळ्या कुटुंबाचा मेळावा भरायचा होता. त्यासाठी त्यांनी चाळीस टी-शर्ट छापून घेतले. छातीवर कमानीचा पूल, खाली आडनाव, आणि त्याखाली 'पुलांचं घराणं'. एक टी-शर्ट मलाही दिला.

मेळाव्याला तीन आठवडे राहिले असताना मी सकाळी पुण्याला बाबांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे संध्याकाळ. माझे वडील जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मोडी वाचणारे कारकून होते. आयुष्यभर लोकांची जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं वाचून दिली. मला माझी करामत दाखवायची होती. मी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं.

"स्थिर धर," बाबा म्हणाले. "आता जरा जवळ घे. हे काय लिहिलंय?"

"पूल, बाबा. ब, र, मग तो स्वर, मग क."

"आणि हे खाली?"

"ते त्यांचं पद. त्यात शेवटी र आहे."

"आणि त्याच्या शेजारी?"

"गावाचं नाव. त्यातही र आहे. दोन."

बाबा पुढे वाकले. पडद्यावर नुसता त्यांचा चष्मा दिसू लागला. "तिन्ही र सारखे आहेत. चांगला कारकून आहे, हात बसलेला. मग पुलातला र वेगळा का?"

"वेगळा कुठे?"

"अगं, तिथे र नाहीच. 'ब'च्या पुढे एकच अक्षर आहे. तू त्याची दोन केलीस. शब्द वाचू नये, हात वाचावा. हे तुला लहानपणापासून सांगतोय."

मी हसून म्हणाले, "बाबा, तुम्हाला जर्मनचं अक्षरसुद्धा येत नाही."

"म्हणून तर दिसतंय. तुला पूल हवा होता, मला काहीच नको होतं." मग त्यांनी स्वतःची एक फजिती सांगितली. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळ सलग जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यांच्यापुढे 'बागेतलावले' असं काहीतरी आलं. नारळ बागेत लावले, इतकं साधं. बाबांनी तोडलं 'बागे तलाव', आणि उरलेला 'ले' शाईचा डाग समजून सोडून दिला. "बिचारा तलाठी दोन दिवस उन्हात तलाव शोधत हिंडला," बाबा म्हणाले. "नारळाच्या झाडाखाली उभा राहून शोधत होता!"

फोन ठेवला आणि मी भिंग घेऊन बसले. बाबांचं बरोबर होतं. र नव्हता. ब, मग दोन टिंबांचा अ, मग क. बेक. जर्मनमध्ये बेकर म्हणजे पाव भाजणारा. त्या सैन्याबरोबर पाव भाजणाऱ्या तुकड्या असायच्या. भट्ट्या गाड्यांवर लादून मागोमाग जायच्या, अगदी आफ्रिकेच्या वाळवंटातसुद्धा. मी शोधलं तर त्यांची छायाचित्रंही सापडली. आणि मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसू लागली. हाताला भाजल्याचा डाग. पहाटे उठणं. आजीनं तर जवळजवळ सांगितलंच होतं.

चाळीस टी-शर्ट!

नवरा संध्याकाळी घरी आल्यावर मी त्याला सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून इतका हसला की मुलगी खोलीतून बाहेर आली.

"नको सांगू ना यार," तो डोळे पुसत म्हणाला. "माणूस किती खूश आहे. पूल काय अन् पाव काय, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्यांनी मला सांगितलं होतं, जे निघेल ते तसंच्या तसं सांग."

"हो, पण ते काही वाईट निघालं तर. हे कुठे वाईट आहे?"

"मग सांगायला काय हरकत आहे?"

मुलगी चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "मॉम, यू हॅव टू टेल हिम. लाइक, टुडे."

मी गेले. काका गराजमध्ये टी-शर्टच्या खोक्यांवर मापाप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवत होते. मी कार्ड आणि भिंग दोन्ही नेलं होतं. आधी माफी मागितली, मग तिन्ही र दाखवले, मग तो चौथा, जो नव्हताच.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"खात्री आहे?"

"या वेळी आहे. मागच्या वेळी खात्री वाटत होती, पण मी तपासलं नव्हतं. चूक माझी."

"पाव," ते म्हणाले.

"पाव."

"ठीक आहे." त्यांनी कार्ड परत दिलं, माझे आभार मानले आणि गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं. गवत आदल्या दिवशीच कापलेलं होतं.

चार दिवस ते टपालाला आले नाहीत. मी बाकावर बसायचे, पुस्तक उघडायचे, आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचे. एका सत्तर वर्षांच्या माणसाला मी बाप मिळवून दिला आणि काढून घेतला, असं मला वाटत होतं. पाचव्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. काका उभे होते, हातात दुकानातला मोठा पाव.

"आत येऊ?" म्हणून ते सरळ स्वयंपाकघरात आले. पाव टेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं मधोमध दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. "बघ. परत वर येत नाही. म्हणजे हा वाईट पाव."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझे वडील दुकानात असं करायचे. दर शनिवारी. एकेक पाव उचलायचे, दाबायचे, नाकाशी धरायचे आणि परत ठेवायचे. दुकानदार डोळे वटारायचा. आई तोंड लपवून दुसऱ्या बाजूला जायची. मी तर असं दाखवायचो की हा माणूस माझ्या ओळखीचाच नाही. शेवटी ते काहीच न घेता बाहेर पडायचे." काका खुर्चीवर बसले आणि खदाखदा हसू लागले. "माझा बाप विक्षिप्त आहे असं मी सत्तर वर्षं समजत होतो. त्याला कळत होतं! आख्ख्या गावात एकट्यालाच कळत होतं!"

मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. मी चहा टाकला.

चहा पिताना ते एकदम म्हणाले, "चार दिवस मी दुसराच विचार करत होतो. त्यानं गोळी झाडली नाही, पाव भाजले. मला आधी हायसं वाटलं. पण त्याचा पाव खाऊन ते लोक पुढे काय करायला गेले असतील?"

"ते या कार्डावर नाही."

"नाही," ते म्हणाले. "पण मला ते विसरूनही चालणार नाही. वीसएक वर्षांचं पोर होता तो, सांगितलं ते केलं. मला तो निर्दोष नकोय. मला तो खरा हवाय."

मी म्हणाले, हे मेळाव्यात सांगा. ते म्हणाले, सांगणारच आहे. मग दोघांनाही एकाच वेळी टी-शर्ट आठवले.

तो प्रश्न माझ्या मुलीनं सोडवला. तिनं टी-शर्ट टेबलावर पसरला, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली की कमान आतून तपकिरी रंगानं भरली आणि वर तीन तिरप्या रेघा मारल्या की पाव दिसतो. खरंच दिसत होता. कापडावरचे रंगीत पेन आणून आम्ही चौघं दोन रविवार काकांच्या गराजमध्ये बसलो आणि चाळीसपैकी एकोणचाळीस पूल भाजून काढले. चाळिसावा काकांनी आधीच ओहायोला त्यांच्या थोरल्या बहिणीला पोस्टानं पाठवून दिला होता. खालच्या 'पुलांचं घराणं' या ओळीला काकांनी हात लावू दिला नाही. "पूल मी बांधलेत," ते म्हणाले. "ते तर खोटं नाही ना?"

मेळावा तळ्याकाठच्या बागेत होता. लांबलचक टेबलं, कोळशाच्या शेगड्या, पळणारी नातवंडं. माझ्या नवऱ्यानं ठरवलं की विषय पावाचा आहे तर पावभाजीच न्यायची. मोठं पातेलं भरून नेली. पहिल्यांदा सगळ्यांनी संशयानं बघितलं. पाऊण तासात पातेलं रिकामं झालं, आणि काकांचा एक जाडजूड भाचा उरलेली भाजी पावानं पुसून घेताना मी पाहिला.

जेवणानंतर काका बाकावर उभे राहिले. त्यांनी कार्ड वर धरलं आणि सगळं सांगितलं: खोका, दहा महिने, माझी चूक, पुण्याचे मोडी वाचणारे गृहस्थ, तो नसलेला र. माझी चूक सांगताना त्यांनी मला हात धरून उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चुकीसाठी टाळ्या मला आयुष्यात तेवढ्याच मिळाल्या. मग ते म्हणाले की त्या पावावर पोसलेलं सैन्य कसलं होतं हेही आपण लक्षात ठेवू. शेवटी त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं, "तर माझे वडील पाव भाजायचे!"

पुढच्या रांगेत त्यांची बहीण बसली होती. वय शहात्तर, बारीक, ताठ. तिच्या अंगावर तो एकटा कोरा पूल होता.

"ते तर भाजायचेच," ती म्हणाली.

काकांचा हात कार्डासकट खाली आला. "म्हणजे?"

"बाबा पाव भाजायचेच की. तिकडे असताना. आपल्या गल्लीच्या टोकाला बेकरी होती, तिथे. मला पिठाच्या पोत्यांवर बसवून ठेवायचे. मी चार वर्षांची होते, पण मला तो वास अजून येतो."

"तुला माहीत होतं?"

"अर्थात माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. काका मात्र बाकावर तसेच उभे होते. "मी पूल पूल करत होतो तेव्हा तरी सांगायचंस!"

"मला तू फोनवर म्हणालास, पुलांच्या घराण्याचा टी-शर्ट पाठवतोय. मला वाटलं तुझ्या नोकरीबद्दल आहे. म्हटलं, याला स्वतःचं भारीच कौतुक."

काका खाली उतरले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. मी जवळच होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. ती म्हणाली, "बाबांचा विषय निघाला की तू खोलीतून उठून जायचास. मला वाटायचं तुला त्यांची लाज वाटते."

"मला भीती वाटायची," काका म्हणाले. "तू काय सांगशील याची."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. पिठानं बाबांना दम लागायला लागला होता, खोकला थांबायचाच नाही, म्हणून अमेरिकेत आल्यावर त्यांनी भट्टीचं तोंड पाहिलं नाही. भुईमूग त्यांनी उपटले ते पहिले काही महिनेच. नंतर छावणीच्या स्वयंपाकघरातून त्यांना बोलावणं आलं. तिथल्या एका अमेरिकन सार्जंटला त्यांचा पाव इतका आवडला की युद्धानंतर त्यांना परत इकडे आणण्यासाठी त्यानंच खटपट केली.

"याचा काही कागद आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं. आता मी शहाणी झाले होते.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "कागद नाही. आईनं सांगितलं. आई खोटं बोलायची नाही, पण गोष्ट जरा फुगवायची. तू अर्धं धर."

मी वहीत तसंच लिहून घेतलं: 'आईनं सांगितलं, अर्धं धरावं.'

माणसं पांगली, टेबलं आवरली, माझ्या नवऱ्यानं पातेलं घासून गाडीत ठेवलं, तरी ती दोघं त्या बाकावरून उठली नव्हती. मध्येच काकांचा आवाज चढायचा, मध्येच ती त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची. आम्ही निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती सांगत होती की बाबा रागावले की जर्मनमधून पुटपुटत, आणि त्या पुटपुटण्याचा अर्थ काय होता. तो अर्थ काही मुलांसमोर सांगण्यासारखा नव्हता. काकांनी आम्हाला हातानंच 'या' म्हटलं आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

ती दुसऱ्या दिवशी ओहायोला परतणार होती. तिनं फ्लाइट कॅन्सल केली. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग कधी जाणार हे विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं. रोज सकाळी आमच्या खिडकीतून दोघं रस्त्यावरून फिरायला जाताना दिसत. ती पुढे, काका मागे. दोघंही एकाच वेळी बोलत असत. एकदा मी खिडकी उघडून विचारलं, आज कसला वाद? काका थांबून ओरडले, "ही म्हणते बाबांचे डोळे घारे होते! निळे होते, निळे!" आणि ती मागे वळून न बघता म्हणाली, "घारे."

कार्डावर डोळ्यांच्या रंगाचा रकाना नव्हता. मी खिडकी लावून घेतली आणि त्यांना भांडू दिलं.